डिक्की लावली की फ्यूज जातो

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. मग आमची जुनी कार माझ्या ताब्यात आली, तिच्या दुखण्यासकट. तिचे ब्रेकलाइट लागत नव्हते. फ्यूज बदलला की लागायचे. भवानी पेठेत एक चक्कर मारून येईपर्यंत फ्यूज पुन्हा उडालेला असायचा.

रविवारी मावशीकडे मोहोळला जायचं होतं. नेहमीचा वायरिंगवाला गावाला गेलेला.

"ब्रेकलाइटशिवाय हायवेला जायचं न्हाय," अप्पा पायरीवर बसून म्हणाले. "तू थांबलीस हे मागच्या ट्रकला कसं कळणार?"

म्हणून शनिवारी संध्याकाळी मीच कामाला लागले. बल्ब आतून बघायला डिक्की उघडली, नवा फ्यूज बसवला आणि ब्रेक दाबायला आईला हाक मारली. इतक्या वर्षांत आई ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसली नव्हती.

"सुरू झाली तर?" तिनं दारातच विचारलं.

"किल्ली माझ्याकडं आहे. तू फक्त मधलं पेडल दाबून धर."

ती पदर सावरून बसली. दोन्ही दिवे लख्ख लागले. बल्ब ठीक, होल्डर ठीक. मी डिक्की लावली.

"गेला की गं उजेड!" आई ओरडली. "आरशात भिंत लाल दिसत होती, ती गेली."

"पाय काढलास?"

"न्हाय! तू डिक्की आपटलीस आन् गेला."

खरंच, फ्यूज जळाला होता. दुसरा घातला. आईला तसंच ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि डिक्की हळूहळू खाली घेतली. अर्ध्यावर आली आणि आई म्हणाली, "गेला!"

मग शोधायला काही उरलंच नाही. बिजागरीपाशी वायर घासून सोलली होती. डिक्की लावताना तिची उघडी तार पत्र्याला टेकून शॉर्ट होत होती. मी बॅटरी सोडवली, खराब तुकडा कापून नवी वायर जोडली, टेप गुंडाळली आणि वायर बिजागरीपासून लांब बांधली. बॅटरी जोडून शेवटचा फ्यूज बसवला. डिक्की लावली.

"हाय अजून," आई आरशात बघत म्हणाली. "लाल हाय."

"झालं ना? उतर आता," अप्पा म्हणाले.

आई उतरेना. खाली वाकून बघत होती. "हे डावीकडचं पेडल कशाला असतंय?" तिनं मला विचारलं.

मी शेजारी जाऊन बसले आणि तिला क्लच समजावून सांगितला. अंधार पडला तरी आम्ही तिथंच, बंद गाडीत गिअर बदलत होतो. अप्पांनी दोनदा चहाची आठवण करून दिली आणि शेवटी स्वतःच गॅस पेटवला.

दुसऱ्या दिवशी मोहोळला जेवणं झाल्यावर आईनं गाडी चालवून बघायचा विषय काढला. मावशीच्या घरामागं मोकळं रान होतं. पहिल्या खेपेला गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी मात्र ती हळूच सरकली आणि चालत राहिली. आईचे खांदे कानांपर्यंत चढले होते. मी हात हँडब्रेकवर ठेवला होता, पण ओढायची वेळ आली नाही. रानाच्या टोकाशी तिनं वळवून गाडी परत आणली आणि काच खाली करून मावशीला म्हणाली, "बस की, एक चक्कर मारूया."

मावशी चपला घालून पटकन आलीसुद्धा.