जामसरला वाढलेलं ताट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, भगताला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभच उचलत नाही. मध्ये अडखळले तर अडखळू द्या.

आधी वकीलसाहेबांचं सांगते. नाही — आधी लखमाचं सांगायला हवं.

लखमा माझा थोरला भाऊ. आमचं माहेर मोखाड्याच्या बाजूला. तो मुलूख इंग्रजांचा, जव्हार संस्थान महाराजांचं. पण वेठ दोन्हीकडे सारखीच. कुणी कारकून, कुणी वकील घाटातून जायचा झाला की गावातले गडी धरून आणायचे आणि त्यांच्या खांद्यावर डोली द्यायची. मजुरी नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. लखमाला ताप होता. आईने पाया पडून सांगितलं, तरी त्याला अंथरुणातून उठवून नेलं. घाटात तो कोसळला. डोलीत जव्हारचा एक तरुण वकील होता. त्याने वाटेवरचा दुसरा गडी धरायला लावला आणि डोली पुढे गेली. रात्रभर पाऊस पडला. सकाळी लखमा आम्हाला सापडला तेव्हा त्याच्या तोंडावर सागाचं पान ठेवलेलं होतं. बरोबरच्या गड्यांपैकी कुणीतरी ठेवलं असणार. वकिलाने नाही, एवढं मला ठाऊक आहे.

पुढे माझं लग्न झालं, साखरशेतला आले. शेतीवर भागेना म्हणून जव्हारला कामाला जायचं ठरलं, तेव्हा मी घर शोधून काढलं ते त्याच वकिलाचं. मुद्दाम. काय करायचं होतं मला तिथे? विष घालायचं? तेवढी छाती नव्हती. नुसतं जवळ राहायचं होतं — डाव साधेल तेव्हा हाताच्या अंतरावर असावं म्हणून. मी कांडण केलं, पाणी भरलं, चूल सांभाळली. वर्षं गेली. साहेबांचे केस पिकले, आणि माणूस बदलला. हो, बदलला, तेही लपवत नाही. डोलीत बसायचं त्यांनी सोडून दिलं, पायी फिरायला लागले. माझ्या हातचं जेवायला लागले, त्यावरून त्यांच्या भावकीत बोलणी बसली ती ऐकून घेतली. अक्षरंही मला त्यांनीच पाटीवर गिरवून शिकवली. ‘सोनी, हुशार आहेस तू,’ म्हणायचे. माझ्या मनातलं मात्र काही बदललं नाही.

मग महाराजांनी प्रजेची सभा नेमायचं मनावर घेतलं. कायदेकानू होताना तिथे प्रजेचाही माणूस बसावा, म्हणून आमच्या बाजूच्या गावांना मिळून एक जागा. गावोगावच्या खातेदारांनी जव्हारला जमून हात वर करायचे, ज्याला जास्त हात तो निवडून आला. साहेब उभे राहिले. समोर एक लाकडाचा ठेकेदार. साहेब गावोगाव एकच सांगत फिरायचे — मला पाठवा, मी वेठ बंद करायचा कायदा मागतो. आणि प्रत्येक गावात सगळ्यांच्या देखत, मातीत मांडी घालून, माझ्या हातचं जेवायचे. लोकांना ते फार आवडायचं.

भादवा संपत आला होता. तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगायला हवं — नवं भात आधी कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, आणि गावदेवाला दाखवायचं, मग माणसांनी तोंडात घालायचं. त्याआधी कुणी खाल्लं तर देवी रुसते, वाघ गावात येतो. लहान पोर भुकेने रडलं तरी त्याला देत नाहीत. साहेब शहरात वाढलेले. त्यांना हे काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी साखरशेतच्या आमच्या तुकड्यातलं हळवं, लवकर पिकणारं भात चोरून कापलं. माझ्याच देवीचं. घरी कांडलं आणि पदराला बांधून साहेबांबरोबर जामसर गावाला नेलं.

जामसरला तीन दगडांची चूल मांडली. टोपलीत नागलीच्या भाकरी होत्या, मडक्यात तो भात. तोवर माझं काही ठरलं नव्हतं. खरंच नव्हतं — की असं मी नंतर स्वतःला सांगत आले?

साहेब बोलायला उभे राहिले. नेहमीचं बोलले, आणि मग एकदम थांबले. म्हणाले, ‘माझ्या डोलीखाली एकदा एक गडी पडला होता. अंगात ताप होता त्याच्या. मी डोली थांबवली नाही. त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. मी तुमचा गुन्हेगार आहे.’

एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. सगळं गाव त्यांच्या बाजूला झुकलेलं मला दिसलं. हे गाव झुकलं म्हणजे आसपासची गावंही येणार.

मला काय वाटलं, सांगू? माझं मन विरघळायला हवं होतं ना? उलट संतापच आला. माझा भाऊ ह्याने वाटेत टाकला, आणि आता त्याच्याच मढ्यावर हा लोकांचे हात वर करून घेणार? चार वाक्यं बोलून मोकळा होणार? मी मडक्याचं झाकण काढलं आणि साहेबांच्या ताटात तो भात वाढला.

नव्या भाताचा वास लपत नाही. साहेब चवीने खात होते. आधी बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली, मग गावचा भगत उठून पुढे आला.

‘सोने, भात कंचा गं ह्यो?’

मी रडायला लागले. रडणं खोटं नव्हतं. बोलणं खोटं होतं. ‘नवा हाय. मी सांगतलं सायबाला, देवीला दाखवला नाय अजून. सायब बोलला, तुमची देवी काय करल माझं?’

साहेबांचा घास हातातच राहिला. ‘सोनी, मी असं कधी म्हणालो?’

मागून एक बाई म्हणाली, ‘गरीब बाय खोटं कशाला बोलंल?’

झालं. माणसं एकेक करून उठून गेली. ताट तसंच राहिलं.

परतताना वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, ‘का?’ मी म्हटलं, ‘लखमा. नाव लखमा होतं त्याचं.’ ते वाटेच्या कडेला मटकन बसले. त्यांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. तेवढं सुख मला लग्नात झालं नाही, लेकी झाल्या तेव्हाही नाही. आजही तो चेहरा आठवला की बरं वाटतं. ते बरं वाटणं जात नाही, आणि जावं असं मला वाटतही नाही.

खरं काय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कामावरून काढलंही नाही, मीच गेले. जव्हारला ठेकेदाराच्या नावाने हात वर झाले. सभेत त्याने वेठीचा शब्द काढला नाही. का काढील? त्याचीच लाकडं वेठीवर वाहत होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी साखरशेतला दारात बसले होते. ठेकेदाराची डोली वाटेवर टेकली. तो सावलीत जाऊन झोपला. डोलीचे गडी पाणी मागायला दाराशी आले — जामसरचे. एकाचा खांदा सोलून निघाला होता, माश्या बसत होत्या. पाणी पिऊन त्याने मला नीट निरखलं.

‘तू सोनी ना? त्या वकिलाचं खरं सांगितलंस तू, बाय. लय उपकार झालं तुझं. नायतर देवीच्या वैऱ्याला हात दिला असता आमी.’

मी त्याच्या ओंजळीत आणखी पाणी घातलं आणि ‘हो’ म्हटलं. मग त्याने जाऊन डोलीखाली तोच खांदा दिला.