कोपरापर्यंत हात घालणारे नाना

मुलगी बघायला गेलो आणि मुलीच्या आधी कापसाचं कौतुक करून बसलो. शिरपूरजवळच्या त्या गावात मुलीच्या घरासमोर शेजाऱ्याची कापसाची गाडी भरून उभी होती. मी जळगाव शहरातल्या शिंप्याचा मुलगा. कापूस मला माहीत होता तो गादीतला आणि सर्दी झाल्यावर कानातला. पण होणाऱ्या सासऱ्यांवर छाप पाडायची होती, म्हणून म्हणालो, "वा! काय पांढराशुभ्र माल आहे. एक नंबर!"

होणारे सासरे म्हणजे नाना. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली, गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतून मूठभर कापूस उपसून माझ्या तळहातावर ठेवला. ओलसर, पिवळट, काडीकचरा भरलेला. "पाव्हना," ते म्हणाले, "वरला कापूस दखाडासाठे ऱ्हास." म्हणजे वरचा दाखवण्यापुरता असतो. गाडीवाला शेजारी तिथेच उभा होता. त्याचा चेहरा माझ्याहून जास्त पडला.

नाना कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. वजन वाढावं म्हणून काही लोक गाडीत पाणी मारून आणत आणि वर कोरड्या कापसाचा थर पसरत. तो थर ओलांडून आत हात घालायचा, हे नानांचं काम. थोडक्यात, संशय घेण्याचाच त्यांना पगार होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं. दुधात बोट बुडवून ते बोट उन्हात धरून पाहायचे. एसटी वेळेवर आली तर ही मागची उशिरा आलेली असणार म्हणायचे. कोणी पाया पडलं तर आशीर्वादाच्या आधी विचारायचे, "काय काम काढलं?" एरवी आमच्याशी नीट पुस्तकी मराठीत बोलत, पण संशय पक्का झाला की अहिराणीवर येत. अशा माणसाने मला मुलगी दिली कशी, हे मला कोडंच होतं. सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुमच्यातही हात घालून पाहिला असेल. आत काहीच लागलं नाही, म्हणून निर्धास्त झाले."

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी दीपनगरच्या वीजकेंद्रात स्टोअरला कारकून होतो. चाळिशी ओलांडली, पोट बेल्टच्या पुढे आलं, आणि भुसावळच्या डॉक्टरांनी सांगितलं, बीपी आहे, रोज सकाळी एक गोळी. आता मला काहीही होत नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती, वांग्याच्या भरताची पार्टी असली की मी शेवटी उठणाऱ्यांत होतो. उलट गोळी घेतली की दुपारपर्यंत पाच वेळा लघवीला जावं लागे. स्टोअरपासून संडास लांब. माझ्या येण्याजाण्यावर साहेबांनी घड्याळ लावलं. त्यात टेबलाशेजारचा भोळे कानात कुजबुजला, "एकदा सुरू केली ना, जन्मभर सुटत नाही. डॉक्टरांना तेच पाहिजे असतं." मला ते तंतोतंत पटलं. आपल्या आळसाला शहाणपणाचं नाव देणारा माणूस आपल्याला नेहमीच पटतो.

पण सुमन रोज पाकीट बघायची. म्हणून मी गोळी काढायचो, "नाश्ता झाल्यावर तिकडेच घेतो" म्हणून शर्टाच्या खिशात टाकायचो, आणि सायकलवरून जाताना वाटेतल्या मोरीत सोडायचो. डॉक्टरांकडे गेलो की पारा वरच. "नियमित घेता ना?" "हो, अगदी." डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली. मोरीत रोज दोन पडू लागल्या.

त्या उन्हाळ्यात नाना आमच्याकडे राहायला आले. आल्या दिवशी त्यांनी माझी गोळ्यांची पाकिटं भिंग लावून वाचली, तारीख पाहिली, आणि एक रिकामं पाकीट घडी करून टोपीत ठेवलं. "दुकानात जाताना हे न्यायचं. नाव एक सांगावं आणि हातात दुसरंच यावं, असं होतं." मी मनात म्हटलं, घ्या, आता औषधाच्या दुकानदाराची गाडी अडणार. माझ्यावर त्यांची नजर होती, हे मला कळतच होतं. मी शर्ट घालताना ते पेपरच्या वरून बघायचे. मी दाराबाहेर पडलो की फाटकापर्यंत यायचे आणि सायकल कोणत्या बाजूला वळते ते पाहायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझं काही बाहेरचं प्रकरण असल्याचा संशय आहे. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

मग एका सकाळी कँटीनमध्ये उठून उभा राहिलो आणि टेबलं फिरायला लागली. भोळेनेच धरलं. घाम, छातीत धडधड. पाच मिनिटांत सावरलो, पण जीव घाबरला. घरी काही बोललो नाही. मनात मात्र पक्का निश्चय केला की आता डॉक्टर लिहून देतील त्या सगळ्या गोळ्या उद्यापासून नेमाने गिळायच्या. असं शहाणपण मला नेहमी एकदम येतं आणि चुकीच्या दिवशी येतं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. नाना म्हणाले, "मीही येतो." तिथे आधी त्यांनी यंत्राचा पट्टा स्वतःच्या दंडाला बांधायला लावला. "आधी याची परीक्षा होऊ द्या." त्यांचं बीपी छान निघालं, तेव्हा यंत्र पास झालं. मग माझी पाळी. डॉक्टरांनी पारा चढवला, उतरवला, परत चढवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अजून एकशे सत्तरच्या वर. गोळ्या रोज घेताय?"

"हो, दोन्ही."

"मग वाढवावंच लागेल. या दोन्ही दुप्पट करतो, आणि ही तिसरी." त्यांनी पेन उघडलं.

"डागदरसाहेब, लिखू नका," नाना म्हणाले.

त्यांनी रुमालाची गाठ सोडून टेबलावर ठेवली. आत पांढरा चुरा, एक अर्धी गोळी आणि एक अख्खी. "हाऊ माल त्यासना खिसामा सापडना. चाखी दखा, कडू शे. गोया पोटमा जातच नहीत!"

गोळ्या पोटात जात नाहीत हे शोधायला खुंटीवर टांगलेल्या माझ्या शर्टाच्या खिशात त्यांनी शिवणीपर्यंत बोटं घातली होती. आठ दिवस रोज. मी शिंप्याचा मुलगा, खिशाच्या शिवणीत काय काय साठतं हे मलाच ठाऊक असायला हवं होतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आणि आज मी लिहिलेलं तुम्ही उद्यापासून घेतलं असतं तर?"

"सगळं घेणार होतो," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत खरं बोललो.

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "एकही गोळी न घेणाऱ्या माणसाने एकदम एवढं घेतलं असतं, तर प्रेशर धाडकन उतरलं असतं. न्हाणीघरात पडला असता, डोकं फुटलं असतं. मी तीन महिने तुमच्या बीपीला नाही, तुमच्या थापांना औषध देतोय." मग त्यांनी विचारलं, का नाही घेतली. मी संडासाचं अंतर सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "एवढंच होतं तर मला सांगायचं. गोळी बदलता येते. आपल्या मनाने सोडायची नाही, आणि एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत." त्यांनी जुनं सगळं खोडलं, एकच नवी गोळी लिहिली, आणि पंधरा दिवसांनी बोलावलं.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "नाना, आठ दिवसांपासून माहीत होतं, तर घरीच का नाही बोललात?"

"घरी तुम्ही म्हटलं असतं, एकच दिवस राहिली. वजनकाट्यावर गाडी आली की मगच बोलावं. तिथे माणसाला पळता येत नाही."

पुढे नाना महिनाभर राहिले. रोज सकाळी माझ्यासमोर पाण्याचा गडू घेऊन उभे. गोळी गिळली की, "जीभ वर करा." शेजारच्या बायका खिडकीतून बघायच्या. मी म्हणायचो, "नाना, आता तरी विश्वास ठेवा." ते म्हणायचे, "ठेवला आहे ना. आता जीभ वर करा." पारा हळूहळू उतरला. भोळेला मी सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "सासरा डॉक्टरांना सामील असणार."

नाना गेले त्याला काही वर्षं झाली. शिरपूरकडच्या घरीच गेले, झोपेत, पिकल्या वयात. तेव्हा दिवस उरकून आम्ही दोघं परत निघालो. पाहुण्यांच्या गर्दीत माझी सकाळची गोळी राहिली होती. सुमनने एसटीत पिशवीतून ती काढून दिली, आणि मी गिळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मी जरा वैतागूनच म्हणालो, "तुझ्या वडिलांनी सबंध जन्मात एका तरी माणसाचं बोलणं न तपासता खरं मानलं असेल का गं?"

सासूबाई आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी लकव्याने गेल्या, एवढंच मला माहीत होतं. सुमनने पिशवी बंद केली. मग म्हणाली, "आईचं मानलं. तिलाही बीपीची गोळी होती. केंद्रावर जाताना नाना दारातून रोज विचारायचे, घेतली का. ती चुलीपाशी बसून हो म्हणायची. ती गेल्यावर शेवयांच्या डब्यात तळाशी सापडल्या सगळ्या. नानांनाच सापडल्या."