स्वातीचा प्रोग्रॅम बंद करून तिच्या फोटोला हार

स्वातीला जाऊन आज वर्ष झाले, आणि तिचे काम तुम्ही तेवढेही जगू दिले नाही.

कठोर वाटत असेल, तर वाटू द्या.

स्वाती ही राळेगावच्या शाळेतील माझी विद्यार्थिनी. नदीकाठच्या गावांत पाण्याची पातळी सांगणाऱ्या पेट्या बसल्या, तेव्हा त्या सर्वांशी बोलणारा आणि धोका दिसताच खालच्या गावांना मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम तिने लिहिला.

प्रोग्रॅमची भाषा निवडली पायथन. "सर, माह्यामागून जो येईन त्याले वाचता आला पाह्यजे."

खरी अडचण निराळीच होती. आपल्याकडे कोणीतरी मोबाइल चार्ज करण्यासाठी पेटीची पिन काढतो आणि तसाच घरी जातो. पेटी मुकी होते. प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत बसतो.

पेट्या सांभाळणाऱ्या तुमच्या ऑफिसातले म्हणत, प्रत्येक पेटीला स्वतंत्र थ्रेड द्या, म्हणजे तिच्या एकटीसाठी थांबणारा वेगळा धागा. नाहीतर सरळ एकेकीला विचारा.

ती मला म्हणाली, "सर, पंगतीत एकाचं जेवण होईपर्यंत वाढपी त्याच्याच पानापुढं उभा राह्यते काय? अन् पाहुण्यागणिक वाढपी ठेवला तर बसाले जागा उरन काय? कायले पाह्यजेत एवढे?"

"'कशाला' म्हण."

"भाषा मंग सुधरवा सर, आधी आयका! वाढपी एकच. फिरता. ज्यानं मागतलं त्याले वाढा, जो बोलत नाही त्याले सोडून पुढं चाला."

असिंक, म्हणजे एकासाठी सगळे न अडवणाऱ्या पद्धतीने तिने नेमके तेच लिहिले. चालले.

ती गेली. नव्या साहेबांना ते 'उगाच अवघड' वाटले. त्यांनी एकीनंतर दुसरीला विचारणारा प्रोग्रॅम बसवला. मुक्या पेटीसाठी किती थांबायचे, याची मर्यादाही घातली नाही.

या पावसाळ्यात एका गावातील पिन निघाली. प्रोग्रॅम तिथेच अडकला. पुढच्या पेटीपाशी पाणी चढत होते. तिला कोणी विचारलेच नाही. खालच्या गावात मेसेज गेला नाही. तिथल्या नारायणरावांचा गोठा वाहून गेला. ते स्वतः झाडावर चढले, म्हणून वाचले.

मी साहेबांना फोन केला.

"सर, तुम्ही मराठीचे. हे टेक्निकल आहे."

होय, मी मराठीचा. पंगत मला समजते. तुम्हाला तीही समजली नाही.

आज त्याच ऑफिसात स्वातीच्या फोटोला हार घालणार आहेत. मला 'दोन शब्द' बोलायला बोलावले आहे.

मी येणार नाही.

तिचा प्रोग्रॅम अजून तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. पावसाळाही अजून संपलेला नाही. आधी तो सुरू करा.

स्वाती, पोरी, तुला निरोप देणे मी लांबणीवर टाकतो आहे.

खालच्या गावात मेसेज पोहोचला, की देईन.