बाबांच्या रिळात मी घातलेलं खोबरेल

रविवारी सकाळी केरीच्या खडकावरून माझे बाबा समुद्रात गेले असते... आणि गेले असते ते माझ्यामुळे. आमच्या हळर्णात घरापर्यंत लाटांचा आवाज येत नाही, तरी चार दिवस मला तो ऐकू येतोय.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. रिटायर झाल्यावर त्यांना गरीनं मासे धरायचं वेड लागलं, म्हणून मी चांगलं स्पिनिंग रीळ घेऊन दिलं. खाऱ्या पाण्यातून आणलं की ते गोड्या पाण्यानं हलकं धुवायचं, सावलीत सुकवायचं, ब्रेक सैल करून ठेवायचा... बाबा हे सगळं पूजेसारखं करतात.

मागच्या खेपेला त्यांचा गुडघा सुजला होता. म्हटलं, बसा तुम्ही, आज मी करते. ग्रीस संपलेलं... मग काय, आमच्या घरात केसांपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला खोबरेल! ब्रेकच्या चकत्यांवर सढळ हातानं ओतलं आणि पाणी आत जाऊ नये म्हणून ब्रेकची वरची मूठ गच्च आवळली. वर ऐटीत सांगितलं, सर्व्हिस केलंय, बिनधास्त वापरा.

रविवारी भलतीच थंडी होती. निघायच्या आधी वेणी घालायला गेले, तर बाटलीतलं खोबरेल थिजलेलं. बाटली गरम पाण्यात बुडवली, तेल लावलं, निघाले. माझी ट्यूब काही पेटली नाही!

बाबा पुढच्या खडकावर, मी मागे चहाचा थर्मास घेऊन. भरती चढत होती. एकदम रॉड वाकला... चोणक मासा असणार, मोठा. अशा वेळी रिळाचा ब्रेक थोडी थोडी दोरी सोडतो, म्हणजे माशाचा झटका माणसाला बसत नाही. या ब्रेकनं वीतभरसुद्धा दोरी सोडली नाही.

"बाय, ब्रेक सुटना गो!"

मूठ फिरेना. बाबांनी दोरीच हातानं ओढायला घेतली आणि तिचा वेढा त्यांच्या मनगटाला बसला. आता रॉड टाकूनही सुटका नव्हती. शेवाळावर त्यांची चप्पल सरकली, दुखरा गुडघा वाकला... आणि मला ती थिजलेली बाटली आठवली. देवा शप्पथ, ब्रेकमधलं खोबरेलही तसंच थिजलं असणार!

मी सुरी शोधायला लागले. आमिषाच्या कोळंबीच्या डब्यात होती, पण झाकण उघडेना, शेवटी दातांनी ओढून काढलं. बाबा ओरडत होते, "हांगा येव नाका!" त्या क्षणीही त्यांना माझीच काळजी. मी चक्क रांगत गेले. लाट तोंडावर आली, डोळे मिटले, सुरी दोरीवर घासली... एकदा, दोनदा... आणि बाबा धाडकन माझ्या अंगावर पडले.

किती वेळ आम्ही तसेच पडून होतो कोण जाणे. मी त्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरून ठेवला होता. 

घरी त्यांनी आधी रीळ धुतलं, मग उघडलं. आत मीठ आणि लोण्यासारखे पांढरे गोळे. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं आणि हमसून हमसून रडले. वाटलं, आता खैर नाही.

बाबांनी फक्त हात पुढे केला. मनगटावर दोरीचा लालभडक वळ.

"हांगा लाव तें तुजें खोबरेल. रिळाक नाका."

उन्हानं बाटलीतलं तेल तोवर पातळ झालं होतं. मी लावत बसले... वळ झाकला गेला, तरी हात सोडवेना.