तांदळातले देव

गवती चहाचा वास आला की कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या त्या लांबलचक दुपारी आठवतात. बाबांच्या अंगावरून वारं गेलं होतं. नातेवाईक आधी भेटायला आले, मग फोनवर भागवू लागले, मग फोनही थांबले. खाडीवरून खारट वारा यायचा, झोपेत कुणी श्वास घ्यावा तसा पडदा फुगायचा आणि बरोबर चार वाजता बेल वाजायची. चौथ्या मजल्यावरच्या काकू थर्मासमध्ये गवती चहा घेऊन यायच्या. बाबांचे पाय चोळत त्या डोळे मिटून आपल्या पंथाची प्रार्थना पुटपुटायच्या, आणि भिंतीला टेकलेल्या आईला तेवढीच डुलकी लागायची. मला त्यांचा राग यायचा, पण चहा मी प्यायचे. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "ताई, घरातले देव काढून टाका. त्याशिवाय गुण नाही यायचा." आईने वाद घातला नाही. तिने कुळदेवतांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यातून उचलले, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळले आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरले. रोज संध्याकाळी तांदूळ काढताना हात त्या गाठोड्याला लागला, की ती तोच हात पटकन कपाळाला लावायची. बाबा काही उठले नाहीत. देव मात्र केव्हाच देव्हाऱ्यात परत आले. परवा आई ते टाक चिंचेने घासत होती, तेव्हा मी विचारलं, "तुझा खरंच विश्वास बसला होता?" "विश्वासाचं काय माहीत नाही गं," ती म्हणाली, "पण आपली बेल वाजवणारी ती एकटीच होती."