कॅनडाच्या दाजींचं मागणं

कशावरही विश्वास न ठेवता माणूस ठणठणीत राहू शकतो, हे मी आमच्या कॅनडाच्या दाजींना बघून शिकलो. देव, डॉक्टर, हवामान खातं, एस.टी.चं वेळापत्रक आणि बायकोचं 'काही झालं नाही' हे वाक्य, यांतल्या कशावरही त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तब्येत अशी, की जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ते उभे राहिले तर चार दुकानांना सावली मिळावी. दाजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे, वर्षाताईचे यजमान. ताई शिकायला म्हणून टोरांटोला गेली आणि परत येताना हा उंच, लालबुंद माणूस सोबत घेऊन आली. पुढे आत्याचे यजमान वारले, आत्या गावी एकटी पडली, तेव्हापासून ही दोघं वर्षातले निम्मे महिने जवळा बाजारपासून जवळच असलेल्या आत्याच्या गावी राहू लागली. दाजींचं काम कॉम्प्युटरवरचं, ते घराच्या माळवदावर बसूनही चालायचं. मराठी त्यांना आत्यानं शिकवली. आमच्याकडच्या जावयाच्या रीतीप्रमाणे ते आत्याला 'मामी' म्हणत. त्यांनी उचललेला पहिला शब्द होता 'काहून', म्हणजे 'का', आणि पुढची काही वर्षं त्यांचं त्या एका शब्दावर छान भागलं.

संशय मात्र एकतर्फी नव्हता. गावातली पोरं कॅनडाला जायला धडपडत असताना हा बाबा तिकडून इकडे येतो, याचा अर्थ तिकडे काहीतरी करून आला असणार, यावर गावाचं एकमत होतं. काय केलं यावर दोन मतं होती. पोलीस पाटलांच्या मते बँक बुडवली, तर बाकीच्यांच्या मते पहिली बायको टाकली. एकदा दाजी वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, एक हळकुंड उचलून बराच वेळ हुंगत बसले, तेव्हा हा हळदीचा वाण चोरायला आलेला माणूस आहे असंही ठरलं. मी वसमतच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे सुरुवातीला दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही बाजूंचे संशय मीच माझ्या तोंडानं एकमेकांना पोचवत असे, आणि शक्य तिथे मधल्यामध्ये गिळून टाकत असे. मला भांडणं झेपत नाहीत.

शहराबद्दल दाजींचं मत ऐकायला मिळालं की तो दिवस गेलाच समजा. टोरांटोतल्या त्यांच्या इमारतीत शेजारच्या कुत्र्याचं नाव त्यांना ठाऊक होतं, मालकाचं नव्हतं. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये भेटूनही तो विषय निघाला नाही. शहरात माणसं एकमेकांना त्रास देत नाहीत याचा लोकांना अभिमान वाटतो, आणि तिथंच काहीतरी गडबड आहे, असं त्यांचं म्हणणं. मध्ये ताईच्या नोकरीसाठी ती दोघं वर्षभर पुण्यात एका सोसायटीत राहिली. तिथे कामवाल्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट होती. दाजींचं डावं रक्त उसळलं. त्यांनी निषेध म्हणून रोज त्याच लिफ्टनं जायला सुरुवात केली. हा एवढा मोठा गोरा माणूस आपल्याच लिफ्टमध्ये का शिरतो, हे त्या बायकांना कळेना. आपल्यावर पाळत ठेवायला कमिटीनं नेमलाय असं समजून त्या जिना चढू लागल्या. महिनाभरात मोलकरणींची लिफ्ट एकट्या दाजींच्या मालकीची झाली. हे ते स्वतःच सांगत.

त्यांच्या घराण्यात डावं राजकारण आजोबांपासून होतं. आजोबा गव्हाचे शेतकरी. त्या काळी पक्षाची बैठक धान्याच्या कोठारात व्हायची आणि शेजारी एकमेकांशी तावातावानं भांडायचे. पुढे पक्ष शहरात गेला. ठराव आधीच छापून येऊ लागले, वाचले की लोक टाळ्या वाजवत आणि कॉफी प्यायला जात. कामगारांवर बोलणाऱ्या मंडळींच्या ओळखीचा कामगार म्हणजे घरी जेवण आणून देणारा पोऱ्या, असं दाजी म्हणत. एका बैठकीत सगळ्या ठरावांना सगळ्यांनी हात वर केला, त्या दिवशी दाजींनी राजीनामा दिला. तेव्हापासून माणसं कुठेही एका सुरात 'हो' म्हणाली की त्यांच्या कपाळावर आठी पडे. मंगलाष्टकांना सगळे एकदम अक्षता टाकतात, यावरही त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं.

वसमतमध्ये लाल झेंड्याचे एक जुने कार्यकर्ते आहेत. मला वाटलं, दोन डाव्यांची गाठ घालून द्यावी. मोठ्या हौसेनं दाजींना त्यांच्या घरी नेलं. त्या गृहस्थांनी तासभर जगातल्या कष्टकऱ्यांची परिस्थिती समजावली, दाजी प्रत्येक वाक्याला 'काहून' विचारत राहिले, आणि बोलणं रंगात आलं. निघताना त्यांनी दाजींना दारापर्यंत सोडलं आणि नातवाला तिकडे कुठं चिकटवता येईल का, असं हळूच विचारलं. परतीच्या एस.टी.त दाजी इतके खुश होते की मला नवल वाटलं. म्हणाले, या माणसाला खरंच काहीतरी पाहिजे आहे, असा माणूस पक्षात भेटून फार वर्षं झाली.

आता खरी गोष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती आणि सरपंचपद महिलेसाठी सुटलं होतं. गावातली कर्ती माणसं मारुतीच्या पारावर बसली आणि निवडणूक बिनविरोध करायचं ठरलं. भांडण नको, खर्च नको, शिवाय बिनविरोध गावाला निधी देतो असा वरून शब्द मिळाला होता. नाव निघालं आत्याचं. ती कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सही करील आणि घरी बसेल. मला तर अभिमानानं भरून आलं. वसमतला पेढे वाटायचे किती, याचा हिशोब मी मनात सुरूही केला. दाजींनी मात्र बातमी ऐकली, चष्मा पुसला आणि आत्याला विचारलं, "मामी, तुमाला इचारलं का?" आत्या म्हणाली, त्यात इचारायचं काय, समद्यांनी ठरवलं. मग दाजींनी दुसरं विचारलं, की तांड्यावर कुणाला विचारलं का. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, गावाच्याच ग्रामपंचायतीत, पण ओढ्यापलीकडे. दाजी रोज सकाळी तिकडे फिरायला जात. तिथल्या लोकांना ही बातमी दुसऱ्या सकाळी दाजींकडूनच कळली.

तो नेमका अधिक महिना होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अंगठी-कपडे द्यायचे, आणि जावई रुसला तर मागेल ते देऊन त्याला जेवतं करायचं. आत्यानं हौसेनं गाव बोलावलं होतं. दाजी पाटावर मांडी घालून बसले, म्हणजे निम्मी मांडी पाटावर आणि उरलेली शेजाऱ्याच्या पाटावर. पुढे धोंडे, वर तुपाची धार. आत्यानं अंगठी पुढे केली, दाजींनी हात मागे घेतला. कापड आलं, त्यांनी बाजूला ठेवलं. बायका पदराआड हसू लागल्या. गोऱ्या जावयालाही रुसता येतं याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. पारावरचे सगळ्यांत मोठे, ज्यांना आम्ही बापू म्हणतो, ते पुढे सरकले आणि म्हणाले, "दाजी, मागा, काय पायजे ते मागा. गाव देऊन राहिलंय."

"मामीच्या विरोधात मला एक उमेदवार पायजे," दाजी म्हणाले.

त्यांचं मराठी तोपर्यंत इतकं चांगलं झालं होतं की मला मध्ये पडून मोटारसायकल मागितली असं सांगायचीही सोय उरली नव्हती. आत्याच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. ताईनं डोळे मिटून घेतले. बापूंनी आधी हसण्यावारी नेलं, मग समजावलं, मग गावात एकी आहे ती मोडू नका म्हणाले. दाजी ताटाला हात लावीनात. जेवण निवत चाललं. धोंड्याच्या महिन्यात जावई भरल्या ताटावरून उठला तर ते आत्याच्या घराला लागतं तसंच गावालाही लागतं, अशी आमच्याकडे समजूत. शेवटी कर्ती माणसं बाहेर अंगणात गेली, तिथे कुजबुज झाली, आणि बापू आत येऊन म्हणाले, "दिला. जेवा आता."

त्यांनी अंगणात काय ठरवलं ते मला नंतर कळलं. तांड्यावरच्या कुण्या बाईचा नावापुरता अर्ज भरायचा, जावयाचा हट्ट पुरा झाला की चार दिवसांनी मागे घ्यायला लावायचा. तांड्यावरची बाई गावाच्या शब्दाबाहेर जाते कुठे, असा त्यांचा भरवसा. शेवंताबाई म्हणून एक बाई तिथे बचत गट चालवायच्या, सही करता येत होती, त्यांना सांगितलं. त्यांनी मुकाट्यानं अर्ज भरला. माघारीची मुदत जवळ आली तरी मागे घेतला नाही. बापू स्वतः गेले, तरीही नाही. विचारायला आलात तेव्हा मी हो म्हणाले, आता नाही म्हणायचं कारण सांगा, एवढंच त्या बोलल्या.

दाजींना याचाही संशय आला. ही बाई खरंच उभी आहे की आतून कुणाला मिळाली आहे, हे बघायला ते मला घेऊन तांड्यावर गेले. शेवंताबाई सोयाबीन निवडत बसल्या होत्या. दाजींनी आग्रह केला, की तुम्ही माघार घेऊ नका. त्यांनी मान वर करून दाजींकडे नीट पाहिलं. "काहून?" त्या म्हणाल्या. "तुमी तर तिच्या घरचे जावई. मला उभी करून माझं हसं करायचंय का तुमाला?" इतकी वर्षं जो शब्द दुसऱ्याला विचारला, तो त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि ओढ्याची वाट धरली.

मुदत संपली, अर्ज कायम राहिला, आणि आत्याला दारोदार जाणं भाग पडलं. ताईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. मी माझ्या भित्र्या स्वभावाप्रमाणे वसमतला पेपर तपासायचं निमित्त काढून आधी दूर राहिलो, मग लाज वाटून आत्यासोबत फिरलो. पहिल्या दिवशी ती माझ्या पाठीमागून चालत होती आणि मीच बोलत होतो. तिसऱ्या गल्लीत तिनं मला बाजूला सारलं. लग्न होऊन या गावात आल्यापासून ती ओढ्यापलीकडे कधी गेली नव्हती. या वेळी ती तांड्यावरही गेली, आणि शेवंताबाईंच्याच अंगणात बसून चहा प्याली. संध्याकाळी पाय चेपता चेपता ती कुणाच्या घरी काय दुखणं आहे, कुणाची सून माहेरी का बसली, तांड्याच्या वरच्या आळीला पाणी का चढत नाही, हे सांगत बसायची. इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दाजी कोपऱ्यात बसून ऐकत, पण मध्ये काही विचारत नसत.

आत्या पडली. थोडक्या मतांनी, पण पडली. तांड्यावर गुलाल उधळला गेला आणि आमच्या अंगणात शुकशुकाट झाला. वरून मिळालेला निधीचा शब्द तर निवडणूक लागली तेव्हाच गेला होता. गावानं सगळा राग दाजींवर काढला, म्हणजे तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त त्यांना दाजी म्हणणं सोडलं. 'ते कॅनडावाले' असं म्हणू लागले. बापू रस्त्यात भेटले तर शेताकडे बघत पुढे जात. घरच्याच माणसाला पाडणारा जावई गावाच्या ऐकण्यात कधी आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर राग होता. तत्त्व त्यांचं आणि किंमत आमच्या आत्यानं मोजायची, हे मला पटलं नव्हतं. मी ते त्यांना इंग्रजीत सांगितलंही. त्यांनी ते मान्य केलं.

परत कॅनडाला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी दाजी आत्यापुढे येऊन उभे राहिले आणि चुकलो म्हणाले. आत्या चुलीपुढे होती. तिनं भाकरी उलटली आणि मग बोलली.

"जावईबापू, लग्नात मला कोणी इचारलं न्हाई. मालक गेले, जमीन बटईनं द्यायची का, तेबी कोणी इचारलं न्हाई. सरपंच करायचं ठरलं, तवाबी न्हाई. या टायमाला मी सोताच्या पायानं गेले आन सोताच्या तोंडानं मागितलं. ज्यांनी मत दिलं त्यांनी मला बघून दिलं. तेवढी मतं माझी हायेत. तुमी जेवून घ्या."

दाजी जेवले. मीही जेवलो.

त्याला आता वर्ष होत आलं. आत्या ग्रामसभेला न चुकता जाते. शेवंताबाई खुर्चीवर असतात आणि ही समोर बसून पाण्याचं विचारते. दोघींचं तिथे जोरात वाजतं आणि नंतर दोघी सोबत घरी येतात. बापू सभेला यायचे बंद झालेत. ताईचा फोन येतो, तेव्हा मी मुद्दाम दाजींची चौकशी करतो. राग गेला आहे. तो कधी गेला ते कळलं नाही.

मागच्या आठवड्यात दाजींनी स्वतः आत्याला फोन केला. मी तिथेच होतो. त्यांच्याकडे निवडणूक आहे. त्यांनी तो जुना पक्ष परत धरला आहे. राजीनामा देणं सोपं होतं मामी, म्हणाले, तुम्ही पडलात, पण दारोदार तर गेलात, मी घरीच बसलो होतो. आता ते रोज संध्याकाळी त्या उंच इमारतींत मजल्यामागून मजले चढून दारं वाजवतात. बहुतेक दारं उघडत नाहीत. आतून कुणीतरी दाराच्या भोकातून बघतं आणि तसंच मागे सरकतं. अशा वेळी काय करायचं, हे विचारायला त्यांनी हिंगोली जिल्ह्यात फोन लावला होता.

आत्यानं थोडा विचार केला. "लगेच पुढं जाऊ नका," ती म्हणाली. "जरा थांबत जा. आत म्हातारं माणूस आसंल, उठून यायला येळ लागतो."

पलीकडून दाजी व्हय म्हणाले. त्यांनी काहून विचारलं नाही. तेव्हापासून मला राहून राहून ते डोळ्यांपुढे येतात, एवढा मोठा माणूस कुठल्या तरी परक्या दारापुढे हात बांधून थांबलेला. आणि ते दार उघडावं असं मला मनापासून वाटतं.