सासऱ्यांची बांबूउडी

माझे सासरे पुरुषोत्तम मिरजेच्या टपाल खात्यात पस्तीस वर्षं होते. पण "तुम्ही काय करायचात?" असं कोणी विचारलं, की त्यांचं उत्तर एकच, "बांबूउडी." कॉलेजात असताना अकरा फूट ओलांडले होते म्हणे. हे 'म्हणे' माझं नाही, सासूबाईंचं. लग्न झालं तोवर उड्या बंद झालेल्या. स्टुलावर चढून पंखा पुसण्यापलीकडे नवऱ्याला उंच गेलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. अकरा फुटांचा विषय निघाला की चाळीस वर्षं त्या तोंडाला पदर लावून हसत आल्या, आणि बाबा पेपरात डोकं घालत आले. मला आईंचा राग यायचा. एकदा तरी 'असेल बाई' म्हणावं की नाही!

२००७ साली दोघं सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यूझीलंडला, टौरंगाला आले. इथे किवीच्या बागांना वारा लागू नये म्हणून कडेने बांबू लावतात. ते दिसल्याबरोबर बाबांनी गाडी थांबवायला लावली. पेरं मोजून, टिचकी मारून, कान लावून एक बांबू निवडला आणि मालकाला विचारून तोडला. मग तो सात आठवडे गॅरेजमध्ये सावलीत वाळला, आमची गाडी बाहेर पावसात. गाठी कानशीने घासल्या, धगीवर धरून बाक काढला, वर कापडी पट्टी गुंडाळली.

"बाबा, इथल्या ॲथलेटिक्स क्लबकडे फायबरचे पोल हीप्स, ढिगाने पडलेत," शंतनु, म्हणजे माझा नवरा, वैतागून म्हणाला.

"ते वाकतात रे. वाकणाऱ्याचा मला भरवसा नाही."

वय सदुसष्ट, तरी रोज सकाळी मैदानावर सराव. आई एकदाही फिरकल्या नाहीत. "कंबर मोडली की बोलवा," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या विमानाआधीच्या शनिवारी क्लबची ज्येष्ठांची स्पर्धा होती. आदल्या दिवशी बाबा मला हळूच म्हणाले, "राजश्री, पदकबिदक नको मला. हिने एकदा बघावं, बास." मग काय, आईंना मी ओढूनच नेलं.

तिथे एका तरुण पंचाने बांबूला नाक मुरडलं. तेवढ्यात मुख्य पंच रॉल्फ आले. सत्तरीचे असतील. त्यांचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी नॉर्वेत अशाच बांबूवर उड्या मारायचे म्हणे. "किया ओरा, मेट!" असा इथला रामराम करत त्यांनी बांबूवरून हात फिरवला आणि पोल कशाचाही चालतो, हा नियम त्या पोराला वाचून दाखवला.

दांडी एक मीटर ऐंशीवर होती. बाबा धावले, बांबू रोवला, खालचा हात सरकवत वरच्याला भिडवला आणि गेले की वरून! मी किंचाळले, वळून पाहिलं, तर आईंनी डोळे घट्ट मिटून हात जोडलेले.

"झालं का?"

"आई! पाहिलं नाहीत?"

"कसं बघणार? देवाचं नाव घेत होते ना!"

लांबून बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दांडी एक नव्वदला गेली. दोनदा पडली. आता एकच संधी उरली होती. मी आईंचे दोन्ही हात धरून ठेवले. "देवाचं देव बघेल. तुम्ही बाबांकडे बघा."

बाबा दमले होते, तरी धावले. पाय आभाळाकडे, डोकं खाली, अंग दांडीच्या पलीकडे, आणि शेवटी छाती किंचित लागली. दांडी पडली. रॉल्फने लाल झेंडा वर केला.

आई माझे हात झिडकारून ताडकन उठल्या. साडीवर शंतनुचा स्वेटर, पायात माझे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, तशाच तरातरा रॉल्फसमोर.

"दांडी पडली, हे कुठे पडले? वरून गेले होते! मी बघितलंय, या डोळ्यांनी!"

"स्वीट ॲज, स्वीट ॲज," म्हणजे बरं बरं, ठीक आहे, म्हणत रॉल्फ एकेक पाऊल मागे सरकत होते. बाबा गादीवर उताणे पडून हसता हसता डोळे पुसत होते. आईंचं चालूच होतं, "अहो, हे काहीच नाही! तरुणपणी अकरा फूट जायचे, मिरजेत कोणालाही विचारा!"